पणजी शोधायची तर आधी तिचा भाऊ शोधा

प्रश्न थोडक्यात असा: "पणजी आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या गावी १९०५ ते १९१० च्या दरम्यान लग्न होऊन आली. पणजोबा १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. तिनं तीन लेकरं वाढवली आणि १९६० नंतर कधीतरी वारली. सासरचं नाव माहीत आहे. माहेरचं नाव, गाव, बाप यांतलं काहीच ठाऊक नाही. 'तापीपलीकडची होती' एवढंच घरात सांगतात. वंशावळीत पणजोबांच्या वरच्या पाच पिढ्या आहेत, तिच्या जागी फक्त 'पत्नी' आहे. सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

वंशावळीत पणजीच्या जागी नुसतं 'पत्नी' असावं यात नवल नाही. अशा वंशावळी हौसेनं लिहिलेल्या नसतात. जमिनीच्या वाटणीसाठी, पाटीलकीच्या वतनासाठी, नाहीतर अलीकडे जात पडताळणीसाठी त्या काढलेल्या असतात, आणि या तिन्ही कामांना बाईचं माहेर लागत नाही. तोच कागद घेऊन तुम्ही कचेरीत गेलात तर कारकून विचारेल, "गट नंबर सांगा." माझी सगळी नोकरी तहसीलच्या अभिलेख कक्षात झाली आणि आता लोकांना मोडी वाचून देतो, तेव्हा एक गोष्ट आधीच सांगतो. पणजीला थेट शोधू नका. तिच्या भावाला शोधा. तो तुमच्या आजोबांचा मामा. मामा लग्नात उभा असतो, मयतीला येतो, विधवा बहिणीच्या गहाणखतावर साक्ष घालतो. आणि तो पुरुष असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. त्याचा बाप म्हणजे तुमच्या पणजीचा बाप.

म्हणून पहिलं काम घरातच. तुमच्या वडिलांच्या पिढीतली सगळ्यांत मोठी आत्या हयात असेल तर तिच्याकडे बसा. चुलत्यांपेक्षा आत्याला जास्त आठवतं, कारण माहेर-सासर हा तिच्याही जिव्हाळ्याचा विषय. पण "पणजीचं माहेर कोणतं?" असं विचारू नका, "आम्हाले काय माहीत, भाऊ" एवढंच उत्तर मिळेल. अहिराणीतच विचारा, "तुमना बापना मामा कोन गावना व्हता?" हा प्रश्न डोक्यात वेगळं कपाट उघडतो. मग लग्नात कोण उभं होतं, आखाजीला (अक्षय तृतीयेला) कोणाकडे जायचं, कोणत्या गावाहून गाडी यायची, हे निघायला लागतं. दुसरा प्रश्न: तुमची पणजी, म्हणजे आत्याची आजी, वारली तेव्हा माहेरचं लुगडं कोणी आणलं? १९६० नंतरची मयत म्हणजे आज पंचाहत्तरी-ऐंशीतल्या माणसानं लहानपणी पाहिलेली. लुगडं कोण घेऊन आलं हे पोरांच्याही लक्षात राहतं, कारण पाहुणे येईपर्यंत सगळे खोळंबून बसलेले असतात. तिसरा: आजोबांची बायको, म्हणजे तुमची आजी, कुठली? मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे होतीच. पणजीनं आपल्या भावाची पोर सून म्हणून आणली असेल तर आजीचं माहेर आणि पणजीचं माहेर एकच. हे इतकं सोपं असतं आणि लोक तिकडे बघतही नाहीत.

मग माळा आणि फडताळ. जुनी पितळी भांडी काढा: घागर, परात, पातेलं. मुलीला किंवा भाच्याच्या लग्नाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव कोरून घ्यायची पद्धत होती. चिंचेनं घासून उजेडात तिरपं धरा, अक्षरं दिसतात. आहेराची वही असेल तर तिच्यात मामाकडचा आहेर वेगळा लिहिलेला असतो. १९४० ते १९६० मधल्या लग्नपत्रिका असतील तर आजोबांच्या भावंडांच्या आणि त्यांच्या पोरांच्या लग्नांत मामेकुळाची नावं बघा. आणि भाऊबंदांत कोणाचं जात वैधता प्रमाणपत्र झालं असेल तर त्याची फाइल मागून घ्या. इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात, म्हणून कोणीतरी आधीच कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या), शाळेच्या, फेरफारांच्या (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींच्या) नकला काढून ठेवलेल्या असतात. तुमचे निम्मे हेलपाटे वाचतील.

आता कचेरी. तुमच्या बाबतीत सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे पणजोबांच्या मयतीनंतरचा वारस फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानं आली. ती गावागणिक वेगवेगळ्या वर्षी सुरू झाली, पण १९१८-१९ मधली मयत बहुतेक ठिकाणी तिच्यात सापडते. अशा फेरफाराचा मजकूर ठरावीक असतो: खातेदार अमुक वल्द तमुक मयत, वारस मुलगे एक, दोन, दोघे अज्ञान, अ.पा.क. आई अमुक कोम अमुक. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अल्पवयीन मुलांचा पालक; आणि 'वल्द' च्या पुढे बापाचं नाव. मुलगे असताना त्या काळी विधवेला जमिनीत हिस्सा नव्हता. मिळकतीत हिस्सा मिळाला १९३७ च्या कायद्यानं, शेतजमिनीला तर तो आणखी नंतर लागू झाला, आणि तो कायदा मागच्या मयतींना लागू नव्हता. म्हणून १९१९ च्या सुमाराला तुमच्या पणजीचं नाव सरकारी कागदावर यायचं एकच कारण होतं, तिची पोरं लहान होती. नवरा जिवंत असेपर्यंत तिची कुठे नोंद नाही, तो गेल्यावर ती पहिल्यांदा कागदावर येते. पुढे मुलगा सज्ञान झाल्याचा आणखी एक फेरफार असतो, त्यावरून आजोबांचं जन्मसाल जवळपास बांधता येतं.

हा फेरफार शोधायला आजचा गट नंबर पुरत नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर मोडून गट पडले, त्यामुळे आधी एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या, त्यावरून जुना सर्व्हे नंबर काढा आणि मग जुन्या सातबाऱ्यावरचे वर्तुळातले फेरफार क्रमांक मागे मागे लावत जा. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांचे पुष्कळ जुने अभिलेख महाभूमीच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर चढलेत, तिथं आधी बघा. मिळालं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तो तलाठी आप्पाच आहे, आणि गावाची जुनी दप्तरं कुठल्या कपाटात गेली हे बऱ्याचदा त्यालाच माहीत असतं. आडनावावर शोधू नका. त्या काळच्या नोंदीत आडनाव नसतंच किंवा सगळेच पाटील असतात. नाव, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर, या तिघांवर माणूस पक्का करा. बाईच्या नावापुढे कोम, भ्रतार, मर्द किंवा जौजे असं काहीही दिसेल. चारही ठिकाणी पुढचं नाव नवऱ्याचं.

या फेरफारात माहेर मिळणार नाही. ते मिळायची खरी जागा दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्तनोंदणी कार्यालयात आहे. पदरात तीन पोरं, नवरा साथीत गेलेला, आणि १९१८ ला पाऊसही दगा देऊन गेलेला. अशा घरानं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एखादं गहाणखत, खरेदीखत किंवा भाडेपट्टा केला नसेल तर आश्चर्य. अज्ञान मुलांची जमीन गहाण टाकायची तर खत आईलाच लिहून द्यावं लागे, "अ.पा.क. आई" म्हणून. त्या खतात कारण लिहिलेलं असतं: सावकाराचं जुनं देणं, सरकारी धारा, मुलीचं लग्न. खाली तिची निशाणी असते. अंगठ्याच्या आधीच्या काळात कुणब्याची निशाणी नांगर, तशी बाईची बांगडी. लेखणीनं काढलेलं ते वेडंवाकडं वर्तुळ असतं. आणि तिच्या शेजारी साक्षीदार असतात. तिथं थांबा. सासरच्या गावचा एक साक्षीदार, आणि दुसरा परगावचा, ज्याचा त्या जमिनीशी काही संबंध दिसत नाही, असा माणूस दिसला तर शंभरातल्या बऱ्याच वेळा तो बाईचा भाऊ किंवा बाप असतो. विधवा बाई एकट्या दिराच्या भरवशावर खत करत नसे, माहेरचं माणूस सोबत घेई. एका घराच्या कामात मला तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन खतांवर एकच परगावचा साक्षीदार मिळाला, आणि आहेराच्या वहीत तोच "मामा" निघाला. नोंदणी कार्यालयात इंडेक्स वन नावांचा आणि इंडेक्स टू मिळकतींचा असतो. लोक इंडेक्स टूच मागतात. तुम्ही दोन्ही मागा, आणि १९१९ ते १९३५ एवढा टप्पा सलग बघा.

मोडी आडवी येईल. त्या काळचे फेरफार, खतं बहुतेक मोडीत आहेत, तीही घाईघाईनं लिहिलेली. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात १९२७ पासून मोडी कागदांचं काम चालत आलंय, तिथं विचारलं तर वाचणाऱ्याची गाठ पडते. खतावर शक असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, म्हणजे इंग्रजी साल साधारण येतं. सावकाराच्या वहीत संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा. म्हातारी माणसं "छप्पन्नचा दुष्काळ" म्हणतात तो संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. पणजी त्या दुष्काळात किती मोठी होती अशी काही आठवण घरात असेल तर तिच्या वयाचा तोच सगळ्यांत चांगला पुरावा.

आता तापीपलीकडे. शिंदखेड्याहून नदी ओलांडली की शिरपूर आणि शहादा, त्यांच्या पुढे एका बाजूला तळोदा, दुसऱ्या बाजूला चोपडा. नकाशा घेऊन सगळी गावं घोकण्यात अर्थ नाही. तुमच्या भाऊबंदांत त्या पिढीत आणखी कोणाच्या सुना नदीपलीकडून आल्या, तुमच्या गावच्या मुली तिकडे कुठे दिल्या, हे आधी लिहून काढा. सोयरिकी गावागावांच्या घोळक्यानं होतात, पाच-सहा गावं पुन्हा पुन्हा येतील. जुन्या दप्तरात जिल्हा-तालुका वेगळा दिसला तर गोंधळू नका. १९०६ पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा, मुख्य ठाणं धुळं. मग पश्चिम आणि पूर्व खानदेश झाले. १९६० नंतर त्यांना धुळे आणि जळगाव ही नावं मिळाली आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये निघाला. १८८० च्या गॅझेटियरमध्ये शिंदखेडा हा तालुका म्हणून सापडणार नाही, तिथं विरदेल आहे. चोपडा पूर्व खानदेशात गेला, त्यामुळे पणजी चोपड्याकडची असेल तर तिच्या माहेरचे १९०६ नंतरचे कागद जळगावच्या बाजूला. गॅझेटियर मात्र माहेर शोधायला उपयोगाचं नाही. लोक ते उगाच आधी वाचतात.

जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, याकडे सगळे धावतात, पण बाईसाठी ते कमी बोलतं. जन्माच्या नोंदीत "अमुक यास मुलगा" एवढंच, आईचं नाव क्वचित. तरी एक खुबी सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी. आजोबा किंवा त्यांचं थोरलं भावंड यांची नोंद तुमच्या गावच्या पुस्तकात नसेल, आणि त्या सालचं पुस्तक शाबूत असेल, तर ती नोंद पणजीच्या माहेरच्या गावात असायची दाट शक्यता आहे, आणि तिथं बापाच्या नावाबरोबर तुमच्या गावचं नाव लिहिलेलं असू शकतं. हीच गोष्ट शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सरळ मिळते, कारण त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. आजोबा लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत दोन इयत्ता जरी शिकले असतील तरी जा आणि नोंद बघा. तिथं दुसऱ्याच गावाचं नाव दिसलं तर तुमचं निम्मं काम झालं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं चाळली गेली आणि पुष्कळ नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या चाळायला हरकत नाही, पण त्या कुणबी नोंदी आहेत. तिथं नाव नाही म्हणजे मूळ पुस्तकात नाही असं समजू नका.

नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय विसरू नका. पणजीच्या अस्थी घेऊन आजोबा किंवा त्यांचे भाऊ रामकुंडावर गेले असतील तर उपाध्यायांच्या वहीत त्यांनी नावं घातली असणार. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी आणि आईकडचा आजा, म्हणजे मातामह, यांची नावं लागतात. पिंड देताना पुरुषाला आपल्या आईच्या बापाचं नाव घ्यावंच लागतं, आणि तेच तुम्हाला हवंय. वही गावावर आणि कुळावर लावलेली असते, म्हणून तुमच्या गावचे उपाध्याय कोण हे आधी भाऊबंदांत विचारून जा. गुजर, राजपूत, लेवा अशा समाजांत भाटांच्या वह्याही आहेत; त्यांत पुरुषांची साखळी लांब असते, पण सून कोणत्या कुळातली एवढं कधी कधी मिळतं. भिल्ल-पावरा घरांसाठी हे सगळे रस्ते अरुंद आहेत, तिथं कुळ, गाव आणि देज (वधूमूल्य) कोणी घेतलं याच्या तोंडी आठवणीच जास्त भरवशाच्या.

त्याच काळात भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कामगारांच्या बायका राहत होत्या. त्यांच्या लग्नाच्या, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या, दफनाच्या नोंदींच्या प्रती मुंबईमार्गे लंडनला जात, आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लग्नाच्या नोंदीत वधूच्या बापाचं नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव. म्हणजे त्याच खानदेशातल्या, त्याच सालच्या एका फायरमनच्या बायकोचं माहेर आज लंडनमध्ये बसून कळतं, आणि तुमच्या पणजीचं तापी ओलांडून कळत नाही. आपल्या बायांपैकी ज्यांचं माहेर सगळ्यांना पाठ आहे अशी एखादीच. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, वडील उखाजी महाजन, हे आपल्याला माहीत आहे ते त्यांच्या ओव्या छापल्या गेल्या म्हणून.

१९५६ च्या वारसा कायद्याबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच: माहेरच्या गावचे फेरफार बघा, बहिणींची नावं सासरच्या गावासकट असतात. हे खरं आहे, पण बाप १७ जून १९५६ नंतर वारला असेल तरच. तुमच्या पणजीचा बाप तोवर राहिला असण्याची शक्यता फार कमी. हा रस्ता आजीच्या माहेरासाठी उत्तम, पणजीसाठी नाही. तिच्यासाठी तो दोनच वेळा उघडतो. भाऊच नव्हते आणि जमीन मुलींकडे आली, किंवा भाऊ निपुत्रिक वारला आणि बहीण वारस लागली. क्वचित बापानं लेकीला चोळी-बांगडीसाठी म्हणून तुकडा दिलेला असतो, त्याची नोंद मात्र कुठल्याही सालची असू शकते. शोधताना एवढं लक्षात ठेवा की लग्नात नाव बदलतं. माहेरच्या कागदावर ती वेगळ्या नावानं असेल. तिथं तिची ओळख नवऱ्याच्या नावावरून आणि तुमच्या गावावरून पटवायची.

एक नाजूक गोष्ट. अ.पा.क. म्हणून एखाद्या फेरफारात तिचं नाव आहे आणि पुढच्यात तिच्याऐवजी चुलता पालक झालाय असं दिसलं तर ती वारली असं धरू नका. १८५६ च्या विधवा विवाहाच्या कायद्यात पुनर्विवाह झाला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जात असे, आणि पाट लावलेल्या बाईच्या पोरांचे पालक मग भाऊबंद होत. उलटही होतं: तुम्ही जिला पणजी म्हणता ती पणजोबांची दुसरी बायको असू शकते, आणि थोरलं लेकरू पहिलीचं. मुलांच्या वयांत मोठी फट दिसली की हे तपासा. घरात बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण टिपणात खरं तेच लिहा. पाटाची लाज पुढच्या पिढ्यांनी धरली. त्या काळच्या कुणबी-माळी घरांत तो उघड व्यवहार होता.

भाऊ सापडला असं वाटलं की लगेच वंशावळीत लिहू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोघे, दोघांच्या बापांची नावंही तीच, असं मी पुष्कळदा पाहिलंय. एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे जुळले तरच माणूस पक्का धरा: खतावरचा साक्षीदार आणि आहेराची वही, किंवा शाळेतलं जन्मस्थळ आणि तीर्थोपाध्यायाची वही. आत्याची आठवण आणि चुलत्याची आठवण हे दोन पुरावे नव्हेत, दोघांनी ते एकाच तोंडून ऐकलेलं असतं.

तुमच्यासाठी क्रम असा: आत्या, भांडी आणि आहेराची वही या महिन्यात, शाळेचं रजिस्टर आणि १९१८-२० चा वारस फेरफार त्यानंतर, मग इंडेक्स वन आणि टू. नदीपलीकडच्या गावात अर्ज करायची घाई करू नका; साक्षीदाराचं नाव हातात आलं की त्याच गावचा त्याच्या नावाचा फेरफार मागा, तो भाऊ ठरला तर त्यात "वल्द" पुढे जे नाव येईल ते तुमच्या पणजीच्या बापाचं. खताची नकल मिळाली आणि मोडी लागली नाही, तर आधी शेवटचं पान वाचून घ्या, साक्षी तिथंच असतात.